कुंडलिकाचा मुरमाचा तळ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कुंडलिकाला सगळं यायचं. बैलाच्या खुराला पत्री ठोकायला यायचं, ढिल्या चाकाला लोखंडी धाव चढवायला यायचं, हमरीतुमरीवर आलेल्या दोन गाडीवानांना एका ताटात जेवायला बसवायला यायचं. फक्त कुणाला 'न्हाय' म्हणायला तेवढं यायचं नाही. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसानं नेमका गाडीतळ चालवायला घेतला होता!

गाडीतळ म्हणजे बाजाराला येणाऱ्या बैलगाड्यांची सोडायची जागा. एक मोठं कुंपण, आत दावण, पाण्याला आड, कडब्याची गंजी आणि चुलीला दगड. माढ्याकडचे, बार्शीकडचे गाडीवान बाजाराच्या आदल्या दिवशी यायचे, बैल सोडायचे, भाकरी थापून घ्यायचे आणि गाडीखाली घोंगडी टाकून आडवे व्हायचे. तळ भरला की दुसरा कुणीही शहाणा माणूस फाटकाला आडणा लावील. कुंडलिकाच्या फाटकाला आडणाच नव्हता. आलेल्या गाडीकडं बघून तो तळाच्या मधोमध उभा राहायचा, दोन्ही हात पसरायचा आणि ओरडायचा, "सरकून घ्या रं, बसतंय की!"

मग शिव्या सुरू व्हायच्या. कुणाचं जू कुणाच्या चाकात अडकायचं, कुणाच्या बैलाचं शेपूट कुणाच्या कालवणात जायचं. पण गाडी बसायची.

ही खोड त्याला जिनं लावली ती बजाबाई कधीच देवाघरी गेली होती. माढा तालुक्यातलं आपलं गाव सोडून कुंडलिक सोलापुरात आला तेव्हा नुकतं लगीन झालेलं, गाडीत दोन गाडगी, एक वाकळ आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेली मथुरा. गिरणीत काम मिळेल म्हणून आले होते. काम राहू द्या, बैल सोडायलाही कुणी जागा देईना. जिथं जावं तिथं हात हलायचे. संध्याकाळ व्हायला आली, मथुरेचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा बजाबाई या कुंपणाच्या दारात उभी होती. एकटी बाई, मूल ना बाळ, एक म्हैस आणि हे एवढं आवार. तिनं या दोघांकडं बघितलं, मग मागं वळून म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "सरक गं बाई, पावनं आल्यात."

ती म्हैस सरकली. कुंडलिक सांगायचा, की त्या दिवशी त्या म्हशीच्या पाया पडावंसं वाटलं. बजाबाईनं त्या दोघांना पोटच्या पोरांसारखं धरलं आणि जाताना आवार त्यांच्या हाती देऊन गेली. तेव्हापासून या जागेवर कुणाला नाही म्हणायचं म्हणजे त्या म्हशीपेक्षा आपण खालच्या पायरीचे झालो, असं कुंडलिकाच्या मनानं घेतलं होतं.

असा हा तळ पंचवीसेक वर्षं चालला, आणि मग एके दिवशी फाटकात मोटार आली.

सन एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसचा सुमार. रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या होत्या. अक्कलकोटच्या सिद्धारामानं एक जुनी मोटार घेतली होती. तिचं टप ताडपत्रीचं, भोंगा रबरी, आणि आवाज असा की ती वेशीत आली की पेठेतल्या बाया तव्यावरची भाकरी उलटून बाहेर यायच्या. सिद्धाराम स्वतःच चालवायचा. अंगानं आडवा, डोक्याला जरीकाठी रुमाल, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि दोन्ही मोठ्यानं.

"कुंडलिकराव," तो उतरता उतरताच म्हणाला, "सोलापुरात मोटार लावायला जागा पायजे बगा. पुढच्या साली दुसरी बी घेनार. दोन मोटारीची जागा. हाय का?"

"हाय की!" कुंडलिक म्हणाला.

मागून मथुराबाईनं कपाळावर हात मारला. तळावर शेळी बांधायला जागा नव्हती.

त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "कुटं लावणार? माज्या चुलीवर?"

"बसतंय की," कुंडलिक म्हणाला आणि ताटातली भाकरी नुसतीच कुस्करत राहिला.

गाडीवानांत सगळ्यांचा म्होरक्या होता ज्ञानबा. कुंडलिकाच्याच गावाकडचा. मिशा बैलाच्या शिंगांसारख्या, आणि त्यांना रोज तेल. मोटार येणार म्हटल्यावर त्यानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. ज्ञानबानं मुंडासं काढलं म्हणजे तो खरा रागावला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "कुंडल्या, ते भुताडं बैलांच्या शेजारी उभं केलं, तर बैल दावं तोडून पंढरपूर गाठतील. आमच्या पुढं ते नको. ते पुढं आलं की आमी दुसरीकडं गेलो."

"पुढं न्हाय रं. मागं लावू की."

मागं म्हणजे आवाराच्या पाठीमागचं डबरं. जागा ऐसपैस होती, पण सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात तिथं म्हशी डुंबायच्या. कुंडलिकाला वाटलं, त्यात काय, वर मुरूम टाकला की झालं. त्यानं गाडीवानांना गळ घातली की येताना गाडीच्या रिकाम्या कोपऱ्यात एक-दोन पाट्या मुरूम घेऊन या. त्याला कोण नाही म्हणणार? ज्याला त्यानं जागा दिली नव्हती असा एकही माणूस रस्त्यावर नव्हता. भादव्यात तांबूस पिवळ्या मुरमानं डबरं भरलं. कुंपणाच्या भिंतीकडेनं रस्त्यापर्यंत चाकोरीही झाली. कुंडलिक त्यावरून अनवाणी चालून आला आणि म्हणाला, "दगड हाय दगड!"

मग हस्ताचा पाऊस लागला. सिद्धारामाची मोटार मोठ्या रुबाबात भोंगा वाजवत मागं गेली, डबऱ्याच्या मधोमध थांबली, आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसायला लागली. सिद्धाराम आत बसून भोंगा वाजवत होता, पण भोंगा वाजवून मोटार वर येत नाही. निम्मं चाक गेलं, मग सगळं गेलं. काळ्या मातीनं महिनाभराचा मुरूम गिळला होता आणि आता मोटारीकडं तोंड वळवलं होतं.

शेवटी ज्ञानबानं आपली खिलारी जोडी आणली. मोटारीला दोरखंडाचा सोल बांधला, एकदा हाळी दिली आणि बैलांनी मोटार ओढून बाहेर काढली. ज्ञानबा पुढं कितीतरी दिवस कुणी न विचारताच ती हकिकत सांगायचा, आणि दर खेपेला मोटार थोडी जास्त खोल गेलेली असायची.

सिद्धारामाला मात्र हसू आलं नाही. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून त्यानं सांगून टाकलं, "गड्ड्यापत्तोर थांबतो. गड्ड्याला मी अक्कलकोटची माणसं भरून आननार. तोवर मागं पक्की जागा करा. जमत नसंल तर गाड्या हलवा आन् पुढची जागा मला द्या. ते बी जमत नसंल तर 'जागा न्हाय' म्हना. मी ठेसनाकडं जातो."

गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची जत्रा. सगळा मुलूख सोलापुरात उतरतो. कुंडलिक हिशेब करत बसला. मोटारीला पुढं घेतलं तर ज्ञानबाला आणि बाकीच्यांना जा म्हणायचं. गाड्या ठेवल्या तर सिद्धारामाला जा म्हणायचं. काहीही केलं तरी तो एक शब्द तोंडातून काढावा लागणार होता. आणि एकदा काढला की मग बजाबाईच्या दारात उभं राहायला आपल्याला तोंड राहणार नाही, हे त्याला आतून टोचत होतं.

"अवं, एवढं काय?" मथुराबाई म्हणाली. "दुनिया न्हाय म्हणती."

"दुनियेला त्या म्हशीनं जागा दिली न्हवती," कुंडलिक म्हणाला.

यावर मथुराबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तिलाही ती म्हैस आठवत होती.

पेठेच्या रस्त्याला त्या वेळी खडी फोडायचं काम चाललं होतं, आणि खडी फोडणाऱ्यांत काशम्मा नावाची वडारीण होती. आवाज असा की हातोडा नसता तरी दगड फुटला असता. ती आडावर पाण्याला यायची. तिनं ते डबरं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून मनसोक्त हसली.

"काळ्या रानावर मुरूम टाकला? अय्यो! तिच्या पोटात किती बी घाल, ती ढेकर देत न्हाय. आदी तिला काड. खाली घट्ट लागंपत्तोर काड. मग मोटे दगड उबे लाव, दाताला दात. त्याच्यावर माजी खडी. मग मुरूम. पानी मार, बडव, परत पानी मार. आन् उतार दे गटारीकडं, न्हाय तर परत म्हशी येतील आंगोळीला."

"तू करशील का उभी राहून?"

"करीन की. पन माजी गाढवं आन् माजं पाल कुटं ठेवू? मुकादम रोज हाकलतो."

"हितंच ठेव की," कुंडलिक म्हणाला. "बसतंय."

तळावरून एकच ओरड उठली. मोटारीची जागा व्हायच्या आधी गाढवांची झाली! ज्ञानबानं पुन्हा मुंडासं काढलं. पण काशम्मानं त्याच्याकडं असं बघितलं, की ते त्यानं निमूटपणे परत डोक्यावर ठेवलं.

दिवाळी झाली आणि काम निघालं. कुंडलिकानं पहिली कुदळ मारली आणि नंतर महिनाभर ती खाली ठेवली नाही. काळी माती निघत गेली तशी तिचा ढीग झाला, आणि ढीग बघून गाडीवानांचे डोळे चमकले. अशी गाळाची माती माळरानाच्या धन्याला सोन्यासारखी. मग रीतच पडून गेली: येणारी गाडी दगड टाकायची आणि जाताना माती भरून न्यायची. ज्ञानबा आधी नुसता बघत बसायचा. मग आपल्या वाट्याची माती दुसरे नेतात म्हटल्यावर तोही दगड आणायला लागला, आणि एकदा आणायला लागल्यावर सगळ्यांत मोठे दगड त्याचे.

काशम्मा वर उभी राहून राज्य करायची. दगड आडवा पडला की तिची हाक यायची, "उबा कर त्याला! झोपायला आलाय का?" माणूस बिचकून स्वतःच ताठ उभा राहायचा. कडेनं तिनं घडीव दगडांची ओळ बसवून घेतली, मुरूम बाजूला पसरू नये म्हणून. भिंतीलगतच्या वाटेला मधोमध उंचवटा आणि दोन्हीकडं उतार. कुंडलिक ओंजळभर पाणी मधे सोडायचा आणि ते कुठं जातं ते वाकून बघायचा. पाणी गटारीकडं गेलं की त्याला अशी धन्यता वाटायची, की तो जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून आत आणायचा. "बगा, बगा. कसं जातंय!" लोक बघायचे. पाणी उताराकडं जातं हे त्यांना माहीत होतं, पण कुंडलिकाचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

खडी झाली, वर मुरूम पडला. राहिलं बडवणं. लाकडी धुमस घेऊन सगळ्यांनी बडवायला सुरुवात केली. मथुराबाईनं पेठेतल्या बाया बोलावल्या. शेजारच्या हातमागवाल्यांच्या तेलुगू बायाही आल्या. एकीनं मराठीत गाणं धरावं, दुसरीनं तेलुगूत उत्तर द्यावं, आणि धुमस तालावर पडावा. हातांना फोड आले, पण काशम्मा रोज टाच रोवून बघायची आणि मान हलवायची. "हलतंय अजून. रूळ पायजे. लोकंडी रूळ."

रस्ता दाबायचा लोखंडी रूळ होता, पण तो सरकारी रस्त्यावर, आणि तो काही कुंडलिकाच्या डबऱ्याला येणार नव्हता. गड्डा तर तोंडावर आलेला. कुंडलिक रोज मुरमावर पाणी मारायचा, बडवायचा, पुन्हा पाणी मारायचा. पहिल्यांदाच त्याची झोप उडाली. आपला तो शब्द जवळ येतोय असं त्याला वाटायला लागलं.

अशात एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी फाटकात धुरळा उठला आणि धुरळ्यात बें-बें. माळशिरसाकडचा येडू धनगर, त्याची बायको केराबाई, दोन घोड्यांवर बिऱ्हाड आणि मागं मेंढरं. किती? विचारू नका. पांढऱ्या-काळ्या पाठींनी रस्ता भरला होता. दक्षिणेकडच्या एका पाटलानं त्याला खतासाठी शेतात मेंढरं बसवायला बोलावलं होतं, आणि जत्रेच्या गर्दीनं त्याला शहराच्या कडेला कुणी टेकू देत नव्हतं.

येडू फाटकात उभा राहिला. काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "पावनं, एक रात बसवू का मेंढरं? सकाळच्याला जातो."

सगळा तळ कुंडलिकाकडं बघायला लागला. गाड्या भरलेल्या, गाढवं भरलेली. मथुराबाई हळूच म्हणाली, "आता मातुर म्हणा हो."

कुंडलिकानं तोंड उघडलं. मग त्याची नजर मागं गेली. सगळ्या आवारात एवढी एकच जागा मोकळी होती, आणि तिच्यावर आताच पाणी मारलेलं होतं.

"मागं घे," तो म्हणाला. "बसतंय की."

काशम्मा रस्त्याच्या कामावरून परतली तेव्हा तिच्या खडी-मुरमावर सगळी धनगराची मेंढरं उभी होती. तिनं तीन भाषांत शिव्या दिल्या. पण येडूच्या कुत्र्यानं दात दाखवले आणि केराबाईनं ताकाचा गडवा पुढं केला, तेव्हा ती फणकारून पालात गेली. मेंढरं काही लगेच बसली नाहीत. नवी जागा, बैलांचा वास, गाढवांचं ओरडणं, त्यामुळं बुजून ती गोल गोल फिरत राहिली. कडेचा दगड, तिथून परत, पुन्हा कडेचा दगड. येडू शीळ घालून त्यांना वळवत होता. त्या बारीक बारीक खुरांची टपटप पेठेत सगळ्यांनी ऐकली.

सकाळी मेंढरं निघून गेली आणि काशम्मा तरातरा मागं आली. लेंड्या पायानं बाजूला करून तिनं टाच रोवली. पुन्हा रोवली. मग दोन्ही पायांनी उडी मारली. मुरूम हलला नाही. जिथं धुमस बसला नव्हता तिथं खूर बसले होते. खडीच्या फटीत मुरूम असा ठासला गेला होता, की नख जाईना. काशम्मानं वाकून पुन्हा एकदा नख घालून बघितलं. मग ती एवढी हसली की गाढवं दचकली. "तुजा रूळ रातच्याला आला आन् बें-बें करून गेला!"

कुंडलिक तिथंच मुरमावर मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा जमिनीवरून हात फिरवत राहिला. त्याला बजाबाईची फार आठवण आली. लेंड्या तेवढ्या मथुराबाईनं झाडून परसातल्या दोडक्याला नेल्या.

गड्ड्याच्या आदल्या दिवशी काशम्मा बजावून जत्रेतला बाजार बघायला गेली: "आता हिला हात लावू नका. उगं ऱ्हाऊ द्या. वाळू द्या."

पण मथुराबाई ही भवानी पेठेतली सारवणाची राणी. तिच्या अंगणात दाणा सांडला तर तो चाटून घ्यावा. लग्नघरच्या बाया सारवायला तिला बोलावून न्यायच्या. आणि तिच्या घरामागं आता एवढी मोठी, सपाट, नवी जमीन उघडीबोडकी पडली होती. उद्या सकाळी मोटार येणार, सगळी पेठ बघायला येणार, नारळ फुटणार, आणि जमीन अशी? तिच्या हातांना चैन पडेना. ती कुंडलिकाकडं आली.

"जरा शेणाचा हात फिरवू का?"

काशम्माचं बोलणं कुंडलिकाला आठवत नव्हतं असं नाही. पण मथुरेनं आजवर त्याच्याकडं मागितलं तरी काय होतं?

"फिरव की," तो म्हणाला.

पहाटे पेठेतल्या सगळ्या बाया जमल्या. तळावर बैलांना काय तोटा? पाट्या पाट्या शेण निघालं. त्यात पाणी, थोडी राख, आणि हात फिरायला लागले. मोरपिसासारख्या एकावर एक कमानी उठल्या. कडेनं मागवाल्यांच्या बायांनी पांढरीशुभ्र रांगोळी ओढली. दिवस उगवला तेव्हा ती जागा अशी ओली, हिरवट, चकचकीत दिसत होती, की कुंडलिकाचे डोळे भरून आले.

भोंगा वाजला. सिद्धारामाची मोटार अक्कलकोटची मंडळी फाटकात उतरवून एकटी आत शिरली. भिंतीकडेच्या वाटेनं डौलात आली, जागेवर चढली, आणि सिद्धारामानं ब्रेक दाबला.

मोटार थांबली नाही. तिनं तोंड वळवलं. मग पाठ वळवली. एखादी जाडी बाई फुगडीला उभी राहावी तशी ती सावकाश, आब राखून एक गिरकी फिरली, रांगोळीवरून सरकत गेली आणि पाठमोरी कडब्याच्या गंजीत घुसली. गंजी क्षणभर विचार करत उभी राहिली आणि मग सगळी मोटारीवर कोसळली.

पेठेला श्वास घ्यायची भीती वाटली. कडब्यातून आधी रुमाल बाहेर आला, मग सिद्धाराम. मिशीत कडब्याचा पाला, कानात पाला.

"अय्यो यप्पा!" तो गरजला. "मागं चिकल झाला, आता लोणी केलं? जागा हाय का गंमत हाय? चाललो मी ठेसनाकडं!"

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण धरणी आता चांगली पक्की होती. कुंडलिक नुसता उभा होता. त्याला ना सिद्धारामाला थांब म्हणता येईना, ना बायकोकडं बघता येईना. दिवाळीपासूनचं सगळं काम, इतक्या लोकांचे हात, आणि एका 'फिरव की'नं सगळं घालवलं.

ज्ञानबा पुढं आला. त्याला मोटार पुन्हा ओढायची हौस होती, म्हणून बैल तयारच होते. त्यानं कडबा बाजूला सारला, खाली वाकून चाकाशी बघितलं आणि वाकूनच राहिला.

"सिद्दाराम," तो म्हणाला, "हिकडं ये. चाक बघ."

"काय बगू? रुतलं असंल!"

"न्हाय. तेच तर बघ की लेका."

सिद्धाराम आला. सगळे आले. चाकं वरच होती. फरपटत आली तिथं शेण खरवडून निघालं होतं आणि खाली मुरूम जसाच्या तसा, एक ओरखडासुद्धा नव्हता. एवढं मोटारीचं धूड फिरलं, आपटलं, आणि जमीन जागची हलली नव्हती. सिद्धारामानं बूट आपटला. मग दोन्ही बूट आपटले. मग हँडल मारून मोटार पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. मागं वळून जमिनीकडं बघितलं.

"घसरली," तो पुटपुटला. "पन रुतली न्हाय."

ज्ञानबा मोठ्यानं म्हणाला, "रुतंल कशी? दगड माजं हायती!" बैल तसेच परत न्यावे लागले याचं त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात आडाचा रहाट करकरला. मथुराबाईनं कासोटा खोवला होता आणि पहिली घागर तिनं स्वतःच आपल्या सारवणावर ओतली. मग सगळ्या बाया धावल्या. हसत, एकमेकींना भिजवत त्यांनी ती मोराची पिसं धुवून काढली, आणि पाणी सरळ गटारीकडं गेलं. कुंडलिकानं लगेच सिद्धारामाचा हात धरला. "बगा, बगा. कसं जातंय!" सिद्धारामाच्या मिशीतला पाला हलला. तो हसत होता.

गड्ड्याच्या मुख्य दिवशी तळ जसा भरला तसा पूर्वी कधी भरला नव्हता. पुढं गाड्या चाकाला चाक लावून. मधे काशम्माची गाढवं. मागं मोटार, तिच्या आजूबाजूलाही गाड्या, कारण मुरूम पक्का झाल्यापासून गाडीवानांना तीच जागा आवडायला लागली होती आणि बैल मोटारीला अंग घासायला शिकले होते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीचा गलका दुरून येत होता. कुंडलिक तिळगूळ वाटत फिरत होता.

ऊन कलताना फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. पोरगेलासा गडी, गाडीत दोन गाडगी, एक गठुडं, आणि गठुड्याला टेकून एक पोरगी, कोपरापर्यंत हिरवा चुडा. दोघांच्या तोंडावर दिवसभर सगळीकडून परत आल्याची कळा.

"जागा हाय का, मामा?" पोरानं विचारलं. उत्तर 'न्हाय' हेच येणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं, कासरा वळवायलाही तो लागला होता.

कुंडलिकानं तळावर नजर फिरवली. पुन्हा फिरवली. एकदाही असं झालं नव्हतं. दोन बोटांची फट नव्हती. हात पसरायलासुद्धा जागा नव्हती. मथुराबाई त्या चुड्याकडं बघत होती. कुंडलिकानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळेना की आपण आता काय बोलणार.

"ए ज्ञानबा!" मागून आवाज आला. "हात लाव की!"

सिद्धाराम मोटारीतून उतरला होता. जत्रेचा नवा रुमाल त्यानं काढून बाकावर ठेवला, खांदा मोटारीला लावला आणि रेटायला लागला. ज्ञानबा धावला, काशम्मा धावली. मोटार कडेच्या दगडांपर्यंत मागं गेली, एका बाजूनं भिंतीला घासली, तरी सिद्धाराम रेटतच होता. मोटारीपुढं एक गाडी आणि दोन बैल एवढी जागा मोकळी झाली.

त्यानं घाम पुसला, दोन्ही हात पसरले आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "सरकून घ्या रं! बसतंय की!"

कुंडलिकानं त्या पोराच्या बैलाची वेसण धरली आणि गाडी मुरमावरून आत घेतली. चाकांचा करकर आवाज येत होता. तो मोटारीपाशी थांबला, तिच्या तापलेल्या पत्र्यावर हलकेच थाप मारली आणि डोळे पुसायला मथुराबाईचा पदर मागितला. ती म्हणाली, मलाच पुरत नाही.